अणुभट्टीतली उष्णता पोचवायला सरळ नळी की वेटोळी?

कोल्हापूरहून गगनबावड्यामार्गे कोकणात जाणाऱ्या एसटीत उभं राहून घाट उतरला असाल, तर वाकड्या नळीतल्या वायूचं निम्मं गणित तुम्हाला आधीच कळलंय. वळणावर आपण बाहेरच्या बाजूला फेकले जातो, तसाच नळीच्या मधला वेगवान वायूही बाहेरच्या भिंतीकडे सरकतो. मग भिंतीलगतचा संथ वायू कडेकडेनं आतल्या बाजूला परततो आणि दोन जुळे भोवरे तयार होतात. ब्रिटिश गणितज्ञ डीन यांनी १९२७-२८ मध्ये याचं गणित मांडलं, म्हणून ते 'डीन भोवरे'.

सरळ नळीत हे ढवळणं नाही. दाब कमी खर्च होतो, तपासणीचं यंत्र सुखानं आत जातं. उद्यमनगरातल्या कुठल्याही फिटरला विचारा, तो सरळच निवडेल!

पण अणुभट्टीत जागा मोजकी आणि तापमान अफाट. चीनच्या शिदाओवान इथल्या भट्टीत उष्णता वाहून नेणारा हेलियम वायू सुमारे ७० बार दाबाखाली २५० अंशांवर आत शिरतो आणि ७५० अंशांवर बाहेर पडतो. त्या उष्णतेनं पाण्याची वाफ करणाऱ्या तिथल्या वाफ-जनित्रात वेटोळ्या नळ्या आहेत. आतून पाणी, बाहेरून हेलियम. नळीतल्या पाण्यातही तसेच भोवरे होतात, त्यांमुळे उष्णता चांगली पोचते, थोड्या जागेत लांबलचक नळी मावते. शिवाय तापून लांबी वाढली की वेटोळं स्प्रिंगसारखं ती सामावून घेतं. सरळ नळी दोन्ही टोकांना घट्ट बांधलेली असेल तर ताण जोडांवर येतो.

किंमत पंपाला आणि तपासनिसाला मोजावी लागते. तरी एवढ्या उष्णतेला माझं मत वेटोळ्यालाच.