मराठी आवाजातला टॉकबॅक: नागपुरात काही महिने वापरल्यावर

डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवणारा टॉकबॅक अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा आधीच असतो, वेगळे पैसे लागत नाहीत. सेटिंग्जमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटीत जा आणि आवाजाची दोन्ही बटणं ३ सेकंद दाबून चालू-बंद करायचा शॉर्टकट आधी लावून घ्या. 'टेक्स्ट-टू-स्पीच'मध्ये गूगलचं इंजिन निवडून मराठी व्हॉइस डेटा घरीच डाउनलोड करा, म्हणजे रस्त्यात नेट गेलं तरी आवाज जात नाही.

मेसेज आणि बातम्या मराठीत छान वाचल्या जातात. घोडं अडतं आकड्यांवर. ओटीपी ४५८२१७ असेल तर कानावर 'चार लाख अठ्ठावन्न हजार दोनशे सतरा' येतं, आणि तिकडे वेळ संपत असते. अशा वेळी तीन बोटं वर किंवा खाली सरकवत 'कॅरेक्टर्स' (एकेक अक्षर वाचायचा पर्याय) येऊ द्या, मग एक बोट खाली सरकवत एकेक अंक ऐका. नोटिफिकेशनमध्ये ओटीपी कॉपी करायचं बटण येत असेल तर तेच बरं, निम्मी धावपळ वाचते.

खरा ताप नाव नसलेल्या बटणांचा. बटणावर नुसतं चित्र असतं, बनवणाऱ्याने आत नाव लिहिलेलं नसतं, म्हणून टॉकबॅक 'अनलेबल्ड' एवढंच बोलतो. प्रवासाच्या अ‍ॅपांत 'कुठून' आणि 'कुठे' यांची अदलाबदल करणारा बाण असाच मुका असतो. चुकून दाबला गेला की सीताबर्डी ते खापरीऐवजी खापरी ते सीताबर्डीचं तिकीट निघायचं. पैसे भरण्याआधी दोन्ही रकाने पुन्हा ऐकाच. तीन बोटांनी टॅप करून मेनूतून अशा बटणाला स्वतः नाव देता येतं. जुन्या फोनवर तीन बोटं चालत नसतील तर एक बोट खाली आणि लगेच उजवीकडे न्या. मात्र हे नाव बटणाच्या आतल्या आयडीला चिकटतं. अपडेटमध्ये आयडी बदलला की नाव गेलं, आणि आयडीच नसेल तर नाव देताच येत नाही.

सीताबर्डीच्या गर्दीत दोन्ही कान बंद करू नयेत. हाडांतून आवाज पोचवणाऱ्या बोन कंडक्शन हेडफोनने कान मोकळे राहतात, पण व्हरायटी चौकातल्या हॉर्नपुढे तो आवाज दबतो. ब्लूटूथवर आवाज क्षणभर उशिरा येतो आणि बोट पुढच्या बटणावर गेलेलं असतं. वायरचा इअरफोन एकाच कानात घालणं जास्त भरवशाचं. मे महिन्यात घामाच्या बोटांनी तीन बोटांचा टॅप हमखास फसतो, रुमाल खिशात हवाच.

दुकानात क्यूआरने पैसे दिले की साउंडबॉक्स रक्कम मोठ्याने सांगतो. तो दुकानदारासाठी बसवलेला, पण सोय आपलीही होते. रोख घेताना रिझर्व्ह बँकेचं २०२० चं 'मणी' अ‍ॅप नेटशिवाय नोट ओळखतं. नोट खरी की खोटी, ते मात्र सांगत नाही.

दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम ४२ माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेबद्दल आहे आणि ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणं जगण्याच्या हक्काचा भाग मानलं. तरी 'अ‍ॅप चालत नाही' एवढ्याच तक्रारीने काही हलत नाही. अ‍ॅपची आवृत्ती, कोणती स्क्रीन, बटण कशाच्या शेजारी आहे आणि टॉकबॅक नेमकं काय बोलला, हे चारही लिहा. टॉकबॅक चालू ठेवून केलेलं स्क्रीन रेकॉर्डिंग आवाजासकट जोडा.