मांडीच्या हाडाची गाठ: कृत्रिम सांधा, की आपलंच हाड परत?

गुडघ्याच्या वर ऑस्टिओसार्कोमा (हाडाचा कर्करोग), केमोच्या सुरुवातीच्या फेऱ्या झालेल्या, पाय वाचतोय आणि सर्जननी दोन पर्याय पुढे ठेवलेत, अशांसाठी हे लिहितोय. गाठ सांध्याला भिडली असेल तर निवड उरतच नाही.

मी कृत्रिम सांधा घेतला. वॉर्डातल्या मित्राने दुसरा मार्ग धरला. त्यात गाठीचं हाड कापून बाहेर काढतात, त्याच ऑपरेशनमध्ये त्याला रेडिएशनचा 50 ग्रेचा (ग्रे हे रेडिएशनचं माप) एकच डोस देतात आणि प्लेट लावून परत जागेवर बसवतात. गुडघा स्वतःचा राहतो. परळच्या टाटा रुग्णालयात ही पद्धत बरीच वर्षं वापरली जाते.

लांबचं पाहिलं तर त्याचं पारडं जड वाटेल. हाड एकदा जुळलं की जुळलं. तो पंगतीत मांडी घालून बसतो, मला खुर्ची लागते. माझ्या सांध्यातलं प्लास्टिकचं बुश, म्हणजे बिजागरीतलं अस्तर, झिजल्यावर बदलावं लागलं. सांध्याचा हाडात बसवलेला दांडा सैल होण्याची शक्यता आयुष्यभर राहते. हेंडरसन आणि सहकाऱ्यांच्या 2011 च्या अभ्यासात असे सांधे निकामी होण्याचं सर्वांत मोठं कारण जंतुसंसर्ग निघालं. त्यामुळे दाढ दुखली, गळू झालं, तरी मी अंगावर काढत नाही. संसर्गाची भीती त्यालाही आहे, पण माझ्याइतकी जन्मभराची नसावी.

तरीही माझा निर्णय एका गोष्टीवर झाला: पाय टेकता न येणं. रेडिएशन दिलेलं हाड निर्जीव असतं. ते जुळायला महिने लागतात, मांडीच्या हाडाच्या मध्याकडचा जोड तर कधी वर्षभर रेंगाळतो, आणि केमो चालू असताना आणखी सावकाश. तोवर कुबड्या. केमोने तोंड सोललेलं, हातात त्राण नाही, प्लेटलेट्स उतरलेल्या, आणि अशात एका पायावर जिना. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मित्राला त्याचा भाऊ उचलून खाली आणायचा. माझ्या घरी फक्त आई होती. पडलो तर जोड हलेल या धास्तीने मित्र कित्येक महिने धड झोपला नाही. माझा दांडा हाडासाठीच्या खास सिमेंटने बसवला होता, त्यामुळे काही दिवसांतच वॉकर धरून पुरता भार दिला आणि पुढच्या केमोला मी चालत गेलो. त्या दिवसांत याचं मोल फार होतं.

घरात आधाराची माणसं असतील, वय कमी असेल, जमिनीवर बसण्यावाचून काम अडत असेल, तर मित्राचा मार्ग जरूर विचारात घ्या. नाहीतर, माझ्यापुरतं सांगायचं तर, मी आजही सांधाच घेईन. मात्र सर्जनना आधीच विचारून ठेवा: दांडा सिमेंटचा की बिनसिमेंटचा, आणि या सांध्याचं बुश दहा वर्षांनी मिळेल ना?