शिंपले की काळे दगड? समुद्रावरून आणलेलं सामान खाऱ्या टँकमध्ये टाकायचं असेल तर

कोकणात गेलं की येताना पिशवीत चार शिंपले आणि एखादा गुळगुळीत दगड येतोच, आणि घरी मरीन टँक (खाऱ्या पाण्यातल्या माशांचा) असला की हात शिवशिवतात की हे आत ठेवूया. ठेवता येतं, पण दोन्हीत बराच फरक आहे.

आधी एक गैरसमज काढतो. गोड्या पाण्याच्या टँकवाले सांगतात की दगडावर व्हिनेगर टाका, फेस आला तर दगड नको. ते त्यांच्यासाठी बरोबर आहे, कारण फेस म्हणजे चुना, आणि तो विरघळला की त्यांचं पाणी जड होतं. आपल्या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.4, त्यात शिंपल्याचा चुना जवळजवळ विरघळतच नाही, म्हणून फेस आला तर घाबरायचं काही नाही. अर्थात त्याच कारणाने "शिंपले टाका, पीएच आपोआप टिकेल" हेही खरं नाही.

शिंपल्यांमध्ये मी तिसऱ्यांचे, कालवांचे असे उघडे चपटे शिंपलेच घेतो. आतबाहेर दोन्हीकडून दिसतात, ब्रशने घासता येतात, हलके असतात, काचेला धोका नाही. पिळाचे शंख दिसायला जास्त सुंदर, पण खरा त्रास तिथेच. मी एकदा असाच एक लांबट शंख नुसता धुवून टाकला होता, वास काहीच नव्हता, आणि तिसऱ्या दिवशी क्लाऊनफिश पाण्याच्या वर येऊन धापा टाकायला लागले, टेस्ट केली तर अमोनिया, शेवटच्या वेढ्यात मेलेल्या किड्याचं काहीतरी अडकून कुजत होतं. 100 लिटरचा टँक होता, लगेच 30 लिटर पाणी बदललं म्हणून मासे वाचले, पण तेव्हापासून पिळाचा शंख मला नकोच वाटतो. आणि उचलण्याआधी आत कोणी राहतंय का ते बघा, जरा वेळ वाळूत तसाच ठेवला तर खेकडा पाय बाहेर काढतो. शंकूच्या आकाराचा कोन शंख जिवंत असेल तर हातच लावू नका, त्याचा डंख विषारी असतो. किनाऱ्यावरच्या दुकानातले चकचकीत शंखही नकोत, बऱ्याचदा त्यांना वॉर्निश मारलेलं असतं.

काळा दगड म्हणजे आपला बेसाल्ट. कुजण्यासारखं त्यात काही नाही, पाण्यात फारसं काही सोडतही नाही, म्हणून त्या दृष्टीने तो शिंपल्यापेक्षा बिनधास्त. पण वजन! आणि समुद्राने घासून गोल केलेला असतो, एकावर एक नीट बसत नाही, वाळू उकरणारा गोबी मासा असेल तर खालची वाळू सरकून दगड कलंडतो आणि बाजूच्या काचेवर जातो. म्हणून दगड आधी तळाच्या काचेवर टेकवा, वाळू नंतर. शिवाय तो घट्ट असतो, ड्राय रॉक म्हणजे टँकसाठी विकत मिळणारा कोरडा दगड, त्याच्यासारखी छिद्रं नसतात, त्यामुळे पाणी साफ ठेवणारे बॅक्टेरिया त्यात कमीच राहतात, तो फक्त शोभेचा समजा. गंजासारखे डाग किंवा धातूसारखी चमकणारी रेघ दिसली तर तो दगड नकोच, तांब्याचा अंश असला तर कोळंबी आणि गोगलगायी मरतात. जांभाही नको, लोहाने भरलेला आणि ठिसूळ.

साफ करायची पद्धत दोन्हीची एकच. घासून बिनवासाचं साधं ब्लीच, 10 भाग पाण्याला 1 भाग, त्यात 24 तास. मग भरपूर धुवून अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) टाकलेल्या पाण्यात एक दिवस, आणि क्लोरीनचा वास पूर्ण जाईपर्यंत उन्हात. ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नका, विषारी वायू होतो. दगड उकळू नका, आत अडकलेल्या वाफेने फुटू शकतो, आणि त्यावर झोअँथिड (प्रवाळासारखे छोटे समुद्री जीव) चिकटलेले असतील तर त्यांचं पॅलिटॉक्सिन नावाचं विष हवेत येतं, घरातली सगळी माणसं आजारी पडल्याची उदाहरणं आहेत. साफ झाल्यावर आठवडाभर बादलीत खारं पाणी करून त्यात ठेवा, अमोनिया शून्य राहिला तरच टँकमध्ये.

पोवळ्याचा तुकडा मात्र कितीही सुंदर दिसला तरी तिथेच राहू दे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात खडक बनवणारी सगळी प्रवाळं पहिल्या अनुसूचीत आहेत आणि मेलेला तुकडाही त्यातून सुटत नाही. काही मोठे शंख-शिंपलेही संरक्षित आहेत, नॉटिलस, जायंट क्लॅम वगैरे. मालवणचं सागरी अभयारण्य 1987 पासून आहे, तिथून तर काहीच उचलू नका. वाहून आलेलं लाकूडही नको, खाऱ्या पाण्यात कुजतं आणि पाणी पिवळं करतं.

पहिल्यांदाच करत असाल, टँक छोटा असेल तर चार-पाच चपटे शिंपले घ्या. दगड हवाच असेल तर टँक नवीन भरताना, मासे यायच्या आधी, आणि एका हाताने सहज उचलता येईल एवढाच.