बहुपदीचं व्यावहारिक उदाहरण: आधी कात्री की आधी सूत्र?

ए-फोर कागदाच्या चारही कोपऱ्यांतून सारखे चौरस कापून, कडा दुमडून उघडा डबा करायचा. सर्वांत जास्त घनफळ कधी मिळेल?

कागद २१ × २९.७ सेंमी, चौरसाची बाजू क्ष सेंमी आणि घनफळ घ. फळ्यावर थेट घ = क्ष(२१ − २क्ष)(२९.७ − २क्ष) ही बहुपदी लिहिली तर पाच मिनिटांत काम होतं. वेळ वाचतो खरा, पण मांडणी शिक्षकाची असते आणि मुलांच्या वाट्याला नुसती आकडेमोड येते.

कात्री दिली तर तास जातो. पण ३ सेंमीच्या चौरसाला १०६६.५, ४ ला ११२८.४ आणि ५ ला १०८३.५ घन सेंमी, असा तक्ता मुलं स्वतः भरतात. घनफळ वाढून पुन्हा उतरतं हे आलेखाआधीच दिसतं, आणि ‘२क्ष’ का वजा करायचं हे कुणाला सांगावं लागत नाही. दोन्ही टोकं त्यांनीच कापलेली असतात.

सूत्राची खरी गंमत त्यानंतर. क्ष = १६ ठेवा, घनफळ चक्क ४०४.८ येतं! कागद तर २१ सेंमीच रुंद. क्ष १०.५ पेक्षा लहानच हवा, हे मुलं इथं भांडून ठरवतात.

म्हणून नववीच्या वर्गात मी आधी कात्रीच देईन. उजळणीला मात्र सूत्र पुरेसं आहे.