रबरी पिशवी, निर्गुडीचं तेल आणि एक चकती: आठ महिन्यांनंतर

वापर असा: दोन माणसं, चार गुडघे, जून ते जानेवारी. रोज संध्याकाळी एकदा शेक आणि थंडी पडल्यापासून सकाळीही. दुखणं झिजेचं, एक्स-रे काढून ठरलेलं. गरम पाण्याची पिशवी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायला नको, म्हणून थेट बुचाकडे वळू.

आठ महिन्यांत दोन पिशव्या बाद झाल्या आणि दोन्ही एकाच जागी गळाल्या. पोट फाटलं असतं तर समजलं असतं. पण दर वेळी मानेतून, बुचाच्या कडेनं, थेंब थेंब. बुचाला आतून एक रबरी चकती असते आणि पिशवीचा सगळा भरवसा त्या चकतीवर. ती चपटी झाली की बूच कितीही आवळा, पाणी येणारच. उलट जास्त आवळल्यानं ती आणखी चपटी होते. सुटी चकती मागायला गेलं की दुकानदार पेपरातून मान वर न काढता सांगतो, "ती येत नाही, नवीन पिशवी घ्या." म्हणजे दहा रुपयांच्या चकतीपायी अडीचशे-तीनशेची पिशवी कचऱ्यात. शेवटी नळदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात जुनी चकती मापाला नेली आणि तिथे जुळणारी मिळाली. फक्त जाडी बघून घ्या. जाड बसली तर बुचाचे आटे पुरते धरत नाहीत.

बुचाची ही तक्रार ऑक्टोबरातच लिहून ठेवली होती आणि पिशवीला पाचांत एक तारा दिला होता. आता त्यात दुरुस्ती करावी लागते आहे. दुसऱ्या पिशवीची मान नीट पाहिली तर रबर तिथे फुगलेलं आणि चिकट होतं, बोट लावलं की ठसा उमटत होता. हे उकळत्या पाण्याचं काम नाही. उकळत्या पाण्यानं रबर कालांतरानं कडक होतं, चिरतं. हे तेलाचं काम. नैसर्गिक रबर तेल पितं, फुगतं आणि मऊ पडतं. आपल्याकडे पद्धत आधी तेल, मग शेक. म्हणजे तेलकट गुडघ्यावर पिशवी ठेवायची आणि त्याच तेलकट हातांनी बूच फिरवायचं. चकती दोन-अडीच महिने तेलात मुरत होती. दोष सगळा कंपनीचा नव्हता. (सुटी चकती न देण्याचा मात्र आहेच.)

तिसऱ्या पिशवीपासून क्रम उलटा केला: आधी कोरडा शेक, मग पाच मिनिटांनी तेल. गुडघ्याला काही फरक पडला नाही, पिशवीला पडला.

भरताना पाणी उकळतं नको. उकळल्यावर गॅस बंद करून पाच-सात मिनिटं थांबा किंवा थोडं गार पाणी मिसळा. पिशवी दोन तृतीयांशच भरा. मग ती टेबलावर आडवी धरून मानेपर्यंत पाणी येईल इतकी दाबा, आतली हवा काढा आणि तशीच धरून बूच लावा. हवा राहिली की पिशवी टणक होते, गुडघ्याच्या वाटीवर बसत नाही, घसरते. नवी आणल्यावर आधी गार पाणी भरून, उलटी करून, वर्तमानपत्रावर मिनिटभर तळहातानं दाबा. कागदावर डाग उमटला तर त्याच दिवशी परत करा. वापर झाला की रिकामी करून, बूच काढून, तोंड खाली करून टांगा. शेक पंच्यातूनच, पंधरा-वीस मिनिटं. रोज तासन्‌तास तीच जागा शेकली तर कातडीवर तपकिरी जाळीसारखे डाग उठतात. मधुमेहानं पायाची जाणीव कमी झालेल्यांना पोळलेलं कळत नाही, त्यांच्यासाठी पाण्याची ऊब दुसऱ्यानं हातानं तपासावी.

आता तेल. निर्गुडीचं तेल घरी करायचं तर आयुर्वेदातलं प्रमाण कल्क (वाटलेल्या पानांचा लगदा) एक भाग, तेल चार, द्रव सोळा. म्हणजे २०० मिली तिळतेलाला ५० ग्रॅम वाटलेली पानं आणि ८०० मिली काढा. एवढा काढा हवा तर ४०० ग्रॅम पानं ३.२ लिटर पाण्यात घालून पाव भाग उरेपर्यंत आटवायची. मग तिन्ही एकत्र करून पाणी पूर्ण उडेपर्यंत मंद आचेवर. या तेलासाठी भांडं निदान तीन लिटरचं घ्या, शेवटी तेल फेसाळतं आणि लहान भांड्यातून उतू जातं. झालं की नाही हे बघायला तळाचा कल्क बोटांत वळा. वात वळली पाहिजे आणि ती ज्योतीवर धरली तर तडतडता कामा नये. तडतडली म्हणजे पाणी शिल्लक. असं तेल बाटलीत भरलं तर पावसाळ्यात आठवड्या-दोन आठवड्यांत आंबूस वास येतो आणि तळाला बुरशी धरते. पहिली खेप अशीच नाल्यात ओतावी लागली.

हिशेबही करून टाकू. एका गुडघ्याला पाच मिली, चार गुडघ्यांना वीस, म्हणजे २०० मिली तेल दहा दिवसांत संपतं. त्या दहा दिवसांसाठी तीन तास गॅस. मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात तयार बाटली मिळते, ती घ्या. टेकडीवर वनखात्याच्या हद्दीतली पानं ओरबाडून आणायची तर कल्पनाही नको. आणि खरं सांगायचं तर दोन आठवडे साधं तिळतेल चोळून पाहिलं, फरक कळला नाही. चोळणं आणि ऊब हेच काम करतात असं आता मत झालं आहे. निर्गुडीचा वास आवडत असेल तर गोष्ट वेगळी.

तेल आधीच हवं असा हट्ट असेल तर पिशवीऐवजी पुरचुंडी. पाव किलो खडेमीठ, दोन चमचे ओवा, मांजरपाटाचा दुहेरी तुकडा. टेरीकॉट अजिबात नको, तव्यावर वितळतं. मीठ आधी कढईत कोरडं भाजून घ्या, पावसाळ्यात ते ओल धरतं आणि तापलं की उडतं. पुरचुंड्या दोन करा, एक शेकताना दुसरी तव्यावर, कारण एक जेमतेम पाच मिनिटं गरम राहते. मात्र तेल प्यायलेलं फडकं पुन्हा तव्यावर ठेवू नका, पेट घेतं. मीठ काढून दुसऱ्या कापडात बांधा.

बाकीचं थोडक्यात. हळदीचं दूध: अर्धा चमचा हळद म्हणजे साधारण दीड ग्रॅम, त्यात करक्युमिन (हळदीतला मुख्य औषधी घटक) सुमारे ३ टक्के, म्हणजे ४५ मिलिग्रॅम. चाचण्यांमध्ये रोज ५०० ते १५०० देतात. चिमूटभर मिरपूड घातली तर शोषण वाढतं, पण मुळातच रक्कम लहान. आवडतं म्हणून प्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हळदीच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय नकोत. रुईचं पान बांधायचं तर चीक पूर्ण गळू द्या आणि तो हात डोळ्याला लावू नका, डोळ्याला गंभीर इजा होते. दुखण्याचा बाम किंवा जेल लावून वरून शेक मुळीच नको. मेथीचे लाडू हिवाळ्यात चांगलेच लागतात, पण तूप-गुळानं वजन वाढतं, आणि एक किलो वजन घटलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं हलका होतो हेही ध्यानात घ्या.

गुडघा लाल, गरम, सुजलेला असेल तर वरचं काहीच करू नका. त्याला शेक नको, डॉक्टर हवा. ताप असेल तर त्याच दिवशी. सकाळचा ताठरपणा तासाभराहून जास्त टिकत असेल तर तो झिजेचा नसून सुजेच्या संधिवाताचा, म्हणजे आमवातासारख्या दुखण्याचा, असू शकतो, रक्त तपासून घ्या.

पिशवीचे तारे एकावरून साडेतीन. अर्धा तारा चकतीसाठी राखून ठेवला आहे. तिसरी पिशवी नोव्हेंबरपासून चालू आहे, बूच अजून कोरडं, आणि नळवाल्याकडच्या दोन जादा चकत्या डब्यात तयार आहेत.