यारा बेंड पार्क, मेलबर्न: हिवाळा ते उन्हाळा फिरल्यावरचा अनुभव

शहराच्या मध्यापासून जेमतेम चार किलोमीटरवर, प्रवेश मोफत, यारा नदीच्या वळणांलगत सुमारे 260 हेक्टरांचं रान. हिवाळ्यापासून मी इथे नेमाने जातेय आणि अजून मन भरलेलं नाही.

मुख्य आकर्षण वटवाघळांचं. 2003 मध्ये त्यांना रॉयल बोटॅनिक गार्डन्समधून हुसकावलं, तेव्हा ती इथे येऊन स्थिरावली. बेलबर्ड पिकनिक एरियाजवळ काठावरची झाडं त्यांनी लगडलेली असतात. करडं डोकं, मानेभोवती तांबूस पट्टा, पंखांचा पसारा जवळजवळ मीटरभर. गावाकडच्या वडावर वटवाघळं पाहिलेल्यांना तो कलकलाट आणि उग्र वास लगेच ओळखू येईल. हिवाळ्यात संख्या रोडावते. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुर्बीण न्याच, आईच्या छातीला बिलगलेली पिल्लं दिसतात. उन्हाळ्याच्या संध्याकाळी वटवाघळं उडता उडता नदीला पोट टेकवतात आणि झाडावर परतून ओली लव चाटतात. पाणी प्यायची त्यांची हीच रीत. पारा चाळिशीपार गेला की मात्र उष्म्याने मरतातही. खाली पडलेलं वटवाघूळ दिसलं तर हात लावू नका, रेबीजसारख्या लिसाव्हायरसचा धोका असतो. वन्यजीव बचाव हेल्पलाइनला कळवा.

पण बरेच जण वटवाघळं पाहून परततात, याचं मला खरंच वाईट वाटतं. डाइट्स फॉल्सपर्यंत चालत जा. तिथे मेरी क्रीक यारेला मिळते. ही वुरुंजेरी या इथल्या मूळ आदिवासी लोकांची भूमी, यारा नदी त्यांची बिरारुंग. 1835 मध्ये जॉन बॅटमन या गोऱ्या वसाहतकाराने त्यांच्या ज्या म्होरक्यांशी जमिनीचा 'करार' केला, त्यांत बिलिबेलरी होता. ब्रिटिश गव्हर्नरने त्याच वर्षी तो करार रद्दबातल ठरवला. 1840 च्या दशकात या संगमाजवळ आदिवासी मुलांची शाळा निघाली. बिलिबेलरीने आपली मुलं तिथे घातली. 1846 मध्ये तो गेला आणि शाळेचा पट घसरत गेला. 1851 मध्ये ती बंद पडली. हे वाचून गेलात तर संगमावर नुसता फोटो काढून निघावंसं वाटणार नाही. 2017 च्या व्हिक्टोरिया राज्याच्या कायद्याने यारेला एक सजीव, अखंड नैसर्गिक अस्तित्व मानलंय, आणि कायद्याच्या नावातच वुरुंजेरींची भाषा आहे.

आईबाबा भारतातून आले असतील तर संध्याकाळी बेलबर्डला न्या, तिथे फार चालावं लागत नाही. संगमासाठी वेगळी सकाळ ठेवा. उन्हाळ्यात बंद बूट घाला, साप निघतात. जोराच्या पावसानंतर काठाजवळच्या वाटा पाण्याखाली जातात, तेव्हा वरच्या वाटेनेच जा.