पार्टिशनवाला घडीचा क्रेट: पिल्लाचं वेळापत्रक बसवायला कितपत कामाचा?

आठ आठवड्यांचं पिल्लू घरात आलं की पहिल्या तासापासून दोन प्रश्न असतात: ते झोपणार कुठे आणि शी-शू करणार कुठे? दिवसाचं सगळं वेळापत्रक या दोन उत्तरांवर बसतं. यासाठी बाजारात बरंच काही मिळतं, पण तारेचा, घडी होणारा, आत जागा कमी-जास्त करायला सरकवता येणारी पार्टिशनची जाळी असलेला क्रेट, म्हणजे पिल्लाला झोपायला ठेवायचा पिंजरा, आम्हाला सगळ्यात उपयोगी वाटतो. त्याची खरी किंमत त्या पार्टिशनमध्ये आहे. ते नसेल तर पिल्लासाठी मोठा क्रेट घेऊच नका.

पिल्लू सहसा झोपायची जागा घाण करत नाही. पण मोठ्या कुत्र्याच्या मापाच्या क्रेटमध्ये ते एका टोकाला शू करतं आणि दुसऱ्या टोकाला कोरड्यात जाऊन झोपतं. त्याची काहीच गैरसोय होत नाही, म्हणून शू धरून ठेवायची सवयही लागत नाही. पार्टिशन लावून जागा एवढीच ठेवायची की पिल्लाला ताठ उभं राहता यावं, वळता यावं आणि कुशीवर पाय पसरून झोपता यावं. झोपेत पाठ एका जाळीला आणि पंजे दुसऱ्या जाळीला टेकायला लागले, की पार्टिशन एक घर मागे घ्यायचं.

क्रेट मात्र मोठेपणीच्या मापानेच घ्यावा. नाकाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी अधिक साधारण १० सेंमी, हा हिशेब. लॅब्रॉडरला सहसा ४२ इंची लागतो, बीगलला ३० इंची पुरतो. मिश्र जातीच्या पिल्लाचा अंदाज पशुवैद्याकडून घ्या.

आता या वस्तूचा सगळ्यात कच्चा भाग, तोही पार्टिशनच. ते क्रेटच्या तारांना वाकवलेल्या हुकांनी अडकवलेलं असतं. पिल्लाने दोन-चार वेळा अंग टेकून रेटलं की एखादा हुक निसटतो, बाजूला फट पडते आणि पिल्लू त्यात डोकं घालतं. डोकं आत जातं, बाहेर येताना कानामागे अडकतं. त्यामुळे नुसत्या हुकांवर विसंबू नका. चारही कोपऱ्यांना आणि दोन्ही बाजूंच्या मध्यावर झिप-टाय आवळा, उरलेलं टोक कापा आणि गाठ पिल्लाच्या दातांपासून लांब, बाहेरच्या बाजूला ठेवा. खालची कड आणि ट्रे यांमध्ये पंजा जाईल एवढी फट राहत असेल तर तो नमुना परत करा. क्रेटमध्ये ठेवताना गळ्यातला पट्टा आणि हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) दर वेळी काढायचा. पट्ट्याची कडी तारेत अडकली तर गळ्याला फास बसू शकतो.

प्लास्टिकचा ट्रे पिल्लू वळलं की खडखडतो आणि नवं पिल्लू त्या आवाजाने दचकतं. ट्रेखाली जुनी चादर घातली की आवाज थांबतो. शू झालीच तर ट्रे पूर्ण बाहेर ओढून खालची जमीनही पुसा, कारण ओल कडेवरून झिरपते. पुसायला एन्झाइमवाला, म्हणजे लघवीचा वास मोडणारा क्लीनर वापरा. अमोनिया असलेला नको, त्याचा वास लघवीच्या वासाच्या जवळ जातो आणि पिल्लू पुन्हा तिथेच येतं.

क्रेट कितीही चांगला असला तरी तो घड्याळाच्या जोडीनेच चालतो. आठ-दहा आठवड्यांच्या पिल्लाचा दिवस असा बसवा. सकाळी ६ वाजता दार उघडल्याबरोबर त्याला उचलून शूच्या जागी न्या. चालवत नेलं तर वाटेतच होते. जागा रोज तीच ठेवा. लसीकरण पूर्ण होईपर्यंत अनोळखी कुत्री फिरतात ती जागा टाळा. शू संपताक्षणी, तिथल्या तिथे खाऊ द्या. घरात येऊन दिला तर पिल्लाला वाटतं की बक्षीस घरात येण्याचं आहे. मग जेवण. १५ मिनिटांनी वाटी उचला. जेवल्यावर ५ ते ३० मिनिटांत बहुधा शी होते, म्हणून पुन्हा बाहेर. नंतर थोडा खेळ, परत एकदा शू, आणि उठल्यापासून तासाभरात क्रेटमध्ये झोप. दीड-दोन तासांनी उठलं की हेच चक्र पुन्हा.

या वयात पिल्लू दिवसाचे १८ ते २० तास झोपतं. संध्याकाळी ते वेड्यासारखं पळतं, पायांना चावतं, तेव्हा बऱ्याचदा ते झोपेला आलेलं असतं. खेळ वाढवला की चावणं वाढतं. शू करवून क्रेटमध्ये ठेवलं की बहुतेक पिल्लं थोड्याच वेळात गाढ झोपतात.

जेवण चौथ्या महिन्यापर्यंत तीन-चार वेळा, सहाव्यापर्यंत तीन वेळा, पुढे दोन वेळा. शू धरण्याचा ढोबळ हिशेब म्हणजे वयाचे महिने अधिक एक, तेवढे तास. दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास. ही दिवसाची कमाल मर्यादा आहे, रोजचं लक्ष्य नव्हे; रात्री झोपेत पिल्लू थोडं जास्त धरतं. जागेपणी तर त्याला तासाभरातही लागते. नाक जमिनीला लावून ते एकाच जागी गोल फिरायला लागलं की हातात जेमतेम काही सेकंद असतात.

रात्री क्रेट पलंगाशेजारी ठेवा. बाजूला दुसरं दार असलेला नमुना इथे फार सोयीचा पडतो. शेवटची शू ११ वाजता, मग ३ चा गजर. पिल्लू रडायच्या आधी तुम्ही उठायचं, म्हणजे रडलं की दार उघडतं असं त्याच्या मनात बसत नाही. दिवे मंद, बोलणं नाही, खेळ नाही, शू झाली की परत आत. दोन-तीन रात्री कोरड्या गेल्या की गजर १५ मिनिटांनी पुढे ढकला. मधेच रडलं तर मात्र आधी बाहेर नेऊन पाहा. शू लागलेल्या पिल्लाला रडत ठेवणं चूक आहे.

क्रेटची ओळख हळूहळू करून द्या. आधी दार उघडं ठेवून आत जेवण, मग जेवणापुरतं दार बंद, मग पाच मिनिटं, मग दहा. शिक्षा म्हणून एकदाही कोंडू नका. आत शूचं पॅड घालू नका, नाहीतर क्रेट हीच शूची जागा ठरते. वरून चादर टाकायची तर तीनच बाजूंनी, आणि उकाडा असेल तर तीही नको.

हा क्रेट सगळ्यांसाठी नाही. दिवसा सलग पाच-सहा तास घरी कोणी नसेल तर त्याऐवजी कुंपणासारखा प्लेपेन घ्या, त्यात एका टोकाला अंथरूण आणि दुसऱ्या टोकाला पॅड ठेवा. आधी घाणेरड्या पिंजऱ्यात वाढलेल्या पिल्लाची झोपायची जागा स्वच्छ ठेवायची उपजत सवय मोडलेली असू शकते. त्याच्या बाबतीत पार्टिशन फारसं चालत नाही, दर अर्ध्या-पाऊण तासाला बाहेर नेणंच चालतं. लाळ गाळत जाळी चावणाऱ्या, नखं तुटेपर्यंत ओरबाडणाऱ्या पिल्लाला आत ठेवणं लगेच थांबवा. आणि वेळा पाळूनही थोडी थोडी, वारंवार शू होत असेल तर आधी पशुवैद्याकडे जा, मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो.

काही नमुन्यांत पार्टिशन खोक्यात येत नाही, वेगळं मागवावं लागतं आणि दुसऱ्या कंपनीचं नीट बसत नाही. खोकं उघडल्यावर पहिल्यांदा तेच अडकवा आणि दोन्ही हातांनी जोर लावून रेटून पाहा.